‘आपलं’ म्हणजे कोणाचं? व्हिएन्नातली कॉफी आणि देशाचा अभिमान



मागच्या व्याख्यानात आपण ‘मी’ या शब्दापाशी बराच वेळ थांबलो होतो. व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्यांनी विचारले, ‘‘सर, ‘मी’चं कळलं. पण हा ‘आपण’ कुठून येतो? ‘आपला देश’, ‘आपली टीम’, ‘आपली कंपनी’ म्हणतो, तेव्हा त्यात आपलं नेमकं काय असतं?’’ प्रश्न फार चांगला होता आणि जाता जाता उत्तर देण्यासारखा नव्हता. म्हणून आजचे सबंध व्याख्यान त्यालाच द्यायचे ठरवले आहे. पण ग्रंथांकडे नंतर जाऊ. सुरुवात एका कॉफीच्या कपापासून करू.

गोष्ट २००५ सालची. आमचा एक जुना विद्यार्थी तेव्हा व्हिएन्नात होता. एके दिवशी त्याची ईमेल आली, सोबत एक छायाचित्र. परदेशातला रस्ता, एक नवे दुकान आणि दुकानावर पाटी ‘कॅफे कॉफी डे’. खाली एकच ओळ होती, ‘‘सर, आपलं कॉफी डे इथे पोचलं!’’

आम्ही काय केले असेल? घरात सगळ्यांना बोलावून ते छायाचित्र दाखवले. दुसऱ्या दिवशी फिरायला जाणाऱ्या मित्रमंडळात सांगितले. ‘‘व्हिएन्नाला कॉफी पाजायला निघालेत आपले लोक,’’ असे काहीसे बोललोही. छाती दोन इंच फुगली होती, हे कबूल करायला हवे.

आता गंमत बघा. आमचे घर चहाचे. कॉफी व्हायची ती पाहुण्यांसाठी, भरपूर दुधातली, साखर आणि जायफळ घातलेली. त्या कॉफी डेमध्ये आम्ही तोवर एकदाच गेलो होतो, तेही लेकीच्या हट्टाने. त्या कंपनीत आमचा एक रुपया गुंतलेला नव्हता. तिथे काम करणाऱ्या एकाही माणसाचे नाव आम्हांला ठाऊक नव्हते. व्हिएन्नातल्या त्या दुकानासाठी आम्ही बोटही हलवले नव्हते. मग छाती फुगली ती कशाने?

ही काही आमच्या एकट्याची गोष्ट नाही. आपल्यापैकी अनेकांना तेव्हा तसेच वाटले होते. म्हणून हे उदाहरण जरा उलगडून पाहू.

आधी कंपनीची हकिकत थोडक्यात. व्ही. जी. सिद्धार्थ यांच्या घराण्याचे कर्नाटकातल्या चिकमगळूर भागात पिढ्यानपिढ्या कॉफीचे मळे होते. मात्र मळेवाल्याला आपले पीक मनाला येईल तिथे विकता येत नसे. १९४२च्या कायद्याने कॉफी बोर्डाकडे सगळी कॉफी गोळा होई, बोर्ड तिचा लिलाव करी आणि मळेवाल्याला पैसे हप्त्याहप्त्याने मिळत. १९९२ पासून ही बंधने टप्प्याटप्प्याने सैल होत गेली आणि १९९६ पर्यंत मळेवाला आपला माल विकायला मोकळा झाला. त्याच १९९६ मध्ये बंगळुरूच्या ब्रिगेड रोडवर पहिले कॅफे कॉफी डे उघडले. कॉफीबरोबर इंटरनेटही मिळे, हे तेव्हाचे मोठे आकर्षण. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत शहरांतून, महामार्गांवरून, कॉलेजांच्या आसपास ती लाल पाटी ओळखीची झाली. २००५ मध्ये व्हिएन्ना, २०१० मध्ये चेक प्रजासत्ताकातली ‘कॅफे एम्पोरिओ’ ही साखळी विकत घेतली गेली.

त्यातही व्हिएन्ना! कॉफीगृहांचे माहेरघर. आमच्या विषयातल्या लोकांना तर त्या शहराचे नाव काढले की भरून येते. पुढे ‘व्हिएन्ना वर्तुळ’ म्हणून जे तत्त्वज्ञ गाजले, त्यांतले हान, फ्रँक आणि नॉयराथ हे १९०७ पासून तिथल्या एका कॉफीगृहातच जमून विज्ञानाच्या तत्त्वज्ञानावर वाद घालत. म्हणजे तिथल्या माणसाला आपण कॉफी पाजायची, हे काशीच्या माणसाला गंगाजल नेऊन देण्यासारखे. म्हणून तर अभिमान दुप्पट झाला.

आता वळू तत्त्वज्ञानाकडे.

अठराव्या शतकातले स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम यांचा मानवी स्वभावावरचा मोठा ग्रंथ १७३९-४० मध्ये आला. त्याच्या दुसऱ्या भागात त्यांनी अभिमानाची चिरफाड केली आहे. त्यांचे म्हणणे सोपे करून सांगायचे तर असे: एखादी गोष्ट चांगली वाटली की आनंद होतो. पण अभिमान व्हायला आणखी एक गोष्ट लागते. त्या चांगल्या गोष्टीचे ‘माझ्या’शी नाते असावे लागते. नाते नसेल तर नुसता आनंद.

ह्यूम त्यासाठी मेजवानीचा दाखला देतात. मेजवानीला गेलेल्या प्रत्येकाला उत्तम जेवणाचा आनंद मिळतो, पण अभिमान वाटतो तो यजमानाला. पंगत त्याने घातलेली असते. मग ते हळूच एक चिमटा काढतात. जगात असेही लोक असतात की जे मोठ्या मेजवानीला नुसते हजर होते एवढ्यावरही बढाई मारतात. नाते बारीकसे असले तरी त्यांना पुरते.

आपण हे लग्नात पाहिलेले आहे. वधूपित्याचे घर गहाण पडलेले असते, आचाऱ्याचे हात भाजलेले असतात आणि तिसऱ्या पंगतीला बसलेला लांबचा पाहुणा गावभर सांगत सुटतो, ‘‘काय बेत केला होता आपण!’’

ह्यूम पुढे असेही सांगतात की माणसे आपल्या देशाच्या हवेचा, जमिनीचा, तिथे होणाऱ्या द्राक्षाच्या मद्याचा आणि फळांचाही अभिमान बाळगतात. यांपैकी काहीही त्यांनी निर्माण केलेले नसते. म्हणजे पावणेतीनशे वर्षांहून जास्त काळापूर्वी ह्यूमनी आमचे ते छायाचित्र जवळजवळ पाहूनच ठेवले होते म्हणायला हरकत नाही. मद्याच्या जागी कॉफी घाला, झाले.

आता घरच्या शास्त्रांकडे येऊ. सांख्यकारिकेत ईश्वरकृष्ण अहंकाराचे लक्षण सांगताना ‘अभिमान’ हाच शब्द वापरतात. मराठीत आपण अभिमान म्हणजे चांगला गौरव, असे समजतो. मूळ अर्थ जरा वेगळा आहे. जे समोर आहे ते ‘माझे’, ‘मी’ असे मानून घेणे, म्हणजे अभिमान. हा ‘मानून घेण्या’चा व्यापार.

शंकराचार्य याला अध्यास म्हणतात. ब्रह्मसूत्रभाष्याच्या अगदी सुरुवातीलाच ते उदाहरण देतात. मुलगा किंवा पत्नी धडधाकट असली तर माणूस स्वतःलाच धडधाकट समजतो आणि त्यांच्यात काही उणे असले तर स्वतःलाच उणा समजतो. बाहेरच्याचा गुण आपल्यावर चढवून घेतो. आचार्यांचा मुद्दा असा की मुळात हे अज्ञान आहे.

ते अज्ञान असो वा नसो, त्या उदाहरणातली एक गोष्ट आपण नीट लक्षात ठेवू. आज आपल्याला ती पुन्हा लागणार आहे. आचार्यांचा माणूस भाबडा असेल, पण तो प्रामाणिक आहे. मुलाच्या सुखात तो स्वतःला सुखी मानतो, तसा मुलाच्या आजारात आजारीही मानतो. तो दोन्ही घेतो. फक्त सुख घेऊन दुःखाच्या वेळी ‘‘कोण हा मुलगा?’’ असे तो विचारीत नाही.

आता मूळ प्रश्न. त्या व्हिएन्नाच्या दुकानात ‘आपलं’ काय होते? एकेक वस्तू बाजूला काढून बघू.

कॉफीचे झाड इथिओपियाचे. पेयाची रीत येमेनमधून जगभर गेली. बाबा बुडन नावाच्या सूफी संताने सतराव्या शतकात हजहून परतताना सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरजवळच्या डोंगरात लावल्या, अशी आख्यायिका आहे. त्या डोंगरांना आजही त्यांचेच नाव आहे. मोठमोठे मळे उभे राहिले ते इंग्रजी अमदानीत. यंत्र आणि ‘कॅपुचिनो’ हा शब्द इटलीचा. दुकानाची पाटी इंग्रजीत. खुर्च्या मांडायची तऱ्हाही आपल्या वाड्यातली नव्हे. बरे, व्हिएन्नाचे तरी काय? १६८५ मध्ये तिथे कॉफी विकण्याचा पहिला परवाना मिळाला तो योहानेस दिओदातो नावाच्या आर्मेनियन माणसाला. ज्या कॉफीचा व्हिएन्नाला अभिमान आहे, तीही बाहेरून आलेल्याने आणलेली.

इथे काही मंडळी टाळी वाजवून म्हणतील, ‘‘म्हणजे ‘आपलं’ असं काही नसतंच! सगळा भ्रम आहे!’’ थांबा. इतक्या स्वस्तात सुटता येणार नाही. उपवासाची साबुदाण्याची खिचडी घ्या. आपला साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, दाण्याच्या कुटाचा भुईमूग, बटाटा, हिरवी मिरची, या चारही गोष्टी मूळच्या अमेरिका खंडातल्या, पोर्तुगीजांच्या काळात इकडे आलेल्या. ‘बटाटा’ हा शब्दसुद्धा त्यांचाच. तरी आषाढी एकादशीची खिचडी परकी आहे, असे कोणी आपल्या आईला सांगून बघा! ती आपलीच आहे. कशामुळे? पिढ्यानपिढ्या ती भिजवली, परतली, बिघडवली, सुधारली म्हणून. साबुदाणा चिकट झाला तर दोष आपण घेतला म्हणून. ‘आपलेपण’ उगमावरून ठरत नाही. ते निगेवरून ठरते. ज्याची निगा आपण राखतो आणि ज्याच्या बिघाडाची जबाबदारी घेतो, ते आपले.

ही कसोटी घेऊन आता पुन्हा कॉफीकडे येऊ.

एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. भारतात पिकणाऱ्या कॉफीचा निम्म्याहून अधिक वाटा परदेशी जातो आणि तिचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक अनेक वर्षे इटली आहे. इटालियन एस्प्रेसोच्या मिश्रणांत आपला रोबस्टा मिसळला जातो. म्हणजे व्हिएन्नात ती पाटी लागायच्या कितीतरी आधीपासून कोडगू आणि चिकमगळूरच्या बिया युरोपच्या कपात होत्या. तेव्हा कोणाची छाती फुगली होती का? नाही. त्या बियांमागे सावली धरणारी झाडे होती, पावसात फळ खुडणाऱ्या बायका होत्या, अंगणात कॉफी वाळवणारे हात होते. पण त्यांच्यावर पाटी नव्हती. ह्यूमनी हेही सांगून ठेवले आहे की अभिमानाची गोष्ट इतरांना ठळकपणे दिसावी लागते. बी दिसत नाही, पाटी दिसते. आपला अभिमान बियांचा नव्हता, पाटीचा होता.

आणि ती पाटी कोणाला दिसायला हवी? ब्रिगेड रोडवर दिसली तेव्हा आपल्याला अभिमान वाटला नाही. फार तर कौतुक वाटले. गोऱ्या माणसाच्या शहरात दिसली तेव्हा छाती फुगली. दीडशे-दोनशे वर्षे ज्यांनी आपल्याला कमी लेखले, त्यांनी आपल्या दुकानात रांग लावावी, यात एक जुनी जखम भरून निघाल्यासारखे वाटते. ही भावना खोटी नाही आणि तिची चेष्टाही करू नये. पण तिची एक अडचण आहे. ज्याच्या पसंतीने आपण मोठे होतो, त्याला आपण परीक्षकाच्या खुर्चीत बसवलेले असते. मग पाटी लागली तरी परीक्षक तोच राहतो.

आता एक कोडे घालतो. ऑक्टोबर २०१२ मध्ये मुंबईत हॉर्निमन सर्कलला स्टारबक्सचे भारतातले पहिले दुकान उघडले. पाटी अमेरिकी. पण निम्मी भागीदारी टाटांची आणि कॉफी भारतातल्या मळ्यांची. सांगा, हे दुकान ‘आपलं’ की ‘त्यांचं’? पाटी पाहिली तर त्यांचे, बी पाहिले तर आपले, नफा पाहिला तर निम्मे-निम्मे. आणि निम्मे ‘आपले’ म्हणताना तुमच्या-आमच्या हातात त्यातले काय पडते? इथे लक्षात येते की ‘आपलं’ हा शब्द आपण फारसा विचार न करता पाटीवर चिकटवतो.

आता त्या गोष्टीचा उत्तरार्ध. तो सांगताना आवाज जरा खाली येतो.

२०१५ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. जुलै २०१९च्या अखेरीस सिद्धार्थ बेपत्ता झाल्याची बातमी आली आणि दोन दिवसांनी मंगळूरजवळ नेत्रावती नदीत त्यांचा मृतदेह सापडला. कर्जाचा डोंगर सगळ्यांसमोर आला. कंपनीच्या दुकानांची संख्या एके काळी सतराशेच्या वर होती, ती काही वर्षांत पाचशेच्या आसपास आली. मधल्या महासाथीचाही त्यात वाटा होता. जानेवारी २०२३ मध्ये सेबीने आदेश काढला. समूहातल्या उपकंपन्यांमधून सुमारे ३,५३५ कोटी रुपये प्रवर्तक कुटुंबाशी संबंधित कंपनीकडे वळवले गेले, असा ठपका ठेवून २६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. दरम्यान, सिद्धार्थ यांच्या पत्नी मालविका हेगडे यांनी २०२० च्या अखेरीस कारभार हाती घेतला आणि कर्ज बरेच खाली आणले.

एका माणसाच्या मृत्यूवर इथे निवाडा करायचा नाही. तो आपला अधिकार नाही. निवाडा करायचा आहे तो आपला.

त्या २०१९च्या सकाळी आम्ही वर्तमानपत्र वाचले. वाईट वाटले, जसे कोणाच्याही मृत्यूचे वाटते. चहा प्यायलो. मित्रमंडळात विषय निघाला. आमच्याच तोंडून वाक्य निघाले, ‘‘त्यांनी फार कर्ज करून ठेवलं होतं म्हणे.’’

त्यांनी! चौदा वर्षांपूर्वी ‘आपले लोक’ व्हिएन्नाला निघाले होते. आता ‘त्यांनी’ कर्ज केले. सर्वनाम केव्हा बदलले, ते आम्हांला कळलेसुद्धा नाही. रात्री झोपताना ते जाणवले आणि आचार्यांचा तो भाबडा माणूस आठवला. मुलगा आजारी पडला तर स्वतःला आजारी समजणारा. त्याच्यासमोर आम्ही उणे ठरलो. आमचा अभिमान हा तिसऱ्या पंगतीच्या पाहुण्याचा होता. बेत ‘आपला’ आणि देणे यजमानाचे.

मंडळी, आजच्या व्याख्यानाचा गाभा इथे आहे. अभिमान ही नुसती भावना नसते. तो नात्याचा दावा असतो. आणि नात्याचा दावा केला की नात्याची देणी येतात. ज्याच्या यशात ‘आपण’ म्हणतो, त्याच्या अपयशात आणि अपराधातही ‘आपण’ म्हणायची तयारी हवी. जिथे लाज वाटू शकत नाही, तिथे वाटणारा अभिमान खरा नव्हे. ती फुकटची बढाई.

यावर एक आक्षेप येईल. ‘‘सर, सामान्य माणसाने काय करायचं? प्रत्येक कंपनीचा ताळेबंद तपासत बसायचं? थोडा अभिमान वाटला तर कोणाचं काय बिघडतं?’’ आक्षेप रास्त आहे. पण बिघडते ते असे. ‘आपली’ म्हटले की आपण प्रश्न विचारणे सोडतो. परक्या कंपनीकडे आपण संशयाने पाहतो, हिशेब मागतो. ‘देशाची शान’ झालेल्या कंपनीला हिशेब विचारणारा देशाचा वैरी वाटू लागतो. मग अभिमानाचे छत्र धरून कंपनीला वाटेल तसे वागता येते. याचा तडाखा कोणाला बसतो? ज्यांनी खरोखर पैसे गुंतवले त्या छोट्या भागधारकांना, ज्यांची दुकाने बंद झाली त्या कामगारांना. अभिमान बाळगणाऱ्याचे काहीच जात नाही. शेजाऱ्याच्या मुलाचे लाड करायचे आणि त्याच्या चुका कोणाला सांगू द्यायच्या नाहीत, यात मुलाचे भले नसते.

मग नात्याचा दावा खरा कसा करायचा? माणसांनी तो केलेला आहे. तीन उदाहरणे देतो.

पहिले आपल्या घरातले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंडाची कल्पना गावोगाव नेली. लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिले. प्रत्येकाने एक पैसा द्यायचा आणि त्या पैशांतून स्वदेशी उद्योग उभा करायचा. त्यातूनच १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना निघाला. तिथल्या काचेच्या वस्तूकडे बघून ज्याने ‘आपला कारखाना’ म्हटले असेल, त्याचा एक पैसा तरी तिथे होता. पैसा छोटा, पण दावा खरा.

दुसरे कॉफीचेच. १९३६ मध्ये मुंबईत चर्चगेटला पहिले ‘इंडिया कॉफी हाऊस’ निघाले. कॉफीचा खप वाढावा म्हणून सरकारी समितीने ते काढले होते. पन्नाशीच्या दशकात कॉफी बोर्डाने अशी कॉफी हाऊस बंद करायला घेतली, तेव्हा नोकरी जाणाऱ्या कामगारांनी ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने १९५७ पासून सहकारी संस्था स्थापल्या आणि ती स्वतः चालवायला घेतली. डोक्यावर तुरेदार पगडी घालून कॉफी आणून देणारा माणूस तिथे नोकर नसतो, सभासद असतो. तो ‘आमचं कॉफी हाऊस’ म्हणतो, तेव्हा त्याला व्याकरणाची सूट द्यावी लागत नाही.

तिसरे दूरचे, कोलंबियाचे. तिथल्या कॉफी उत्पादक शेतकऱ्यांचा राष्ट्रीय महासंघ १९२७ पासून आहे. ‘हुआन वाल्देस’ हा खेचर घेऊन चालणारा मिशाळ शेतकरी त्यांचे जगप्रसिद्ध चिन्ह. गंमत म्हणजे तो काल्पनिक आहे आणि त्याचा जन्म न्यूयॉर्कच्या एका जाहिरात कंपनीत झाला! पण २००२ मध्ये त्याच नावाने महासंघाने स्वतःची कॉफी दुकाने सुरू केली, ती पुढे परदेशातही गेली. चिन्ह परक्याने रचलेले, तरी मालकी शेतकऱ्यांच्या संघाची. तिथला शेतकरी परदेशातली ती पाटी बघून खुलत असेल, तर ह्यूम त्याला यजमानांच्या रांगेत बसवतील. धंद्यात तोटा झाला तर तो त्याच्याही पानात वाढला जाईल.

याचा अर्थ, जिथे आपला पैसा नाही तिथे अभिमानच नको, असा नाही. पैसा हे देण्याचे एक रूप झाले. दुसरे रूप आहे लक्ष. तिसरे आहे प्रश्न विचारणे. आपल्या शाळेचा आपल्याला अभिमान असतो, तिथे आपले भांडवल नसते. पण शाळेच्या छपराला गळती लागली की आपल्याला चैन पडत नाही. चैन न पडणे, हेही एक देणेच आहे.

आणि लक्ष दिले असते तर कदाचित अभिमानाला अधिक चांगली जागा सापडली असती. आम्हांला फार उशिरा कळले की कॅफे कॉफी डे ऐकू-बोलू न शकणाऱ्या तरुणांना कॉफी बनवायला शिकवून आपल्या दुकानांत कामाला घेत असे. हे इथे, आपल्या शहरांत घडत होते. त्याचे छायाचित्र आम्हांला कोणी पाठवले नाही, कारण ते व्हिएन्नात नव्हते. आणि आम्ही ज्या एका वेळी तिथे गेलो, तेव्हा कप पुढे ठेवणाऱ्या मुलाकडे वर मान करून पाहिल्याचेही आठवत नाही.

शेवटी त्या विद्यार्थ्याविषयी. हे व्याख्यान तयार करताना आम्ही त्याला पत्र लिहिले. ‘‘तू २००५ला पाठवलेलं छायाचित्र अजून आहे माझ्याकडे. २०१९ला तुला काय वाटलं होतं?’’ त्याचे उत्तर आले, ‘‘सर, खरं सांगू? मी ते छायाचित्र त्या वेळी चाळीस जणांना पाठवलं होतं. २०१९ला एकालाही काही लिहिलं नाही.’’ आम्ही उत्तरलो, ‘‘त्या चाळीस जणांत मीही होतो. मीही लिहिलं नाही.’’

एवढे कळायला आम्हां दोघांना बरीच वर्षे लागली. यापुढे कुठल्या दूरच्या शहरात कुठली पाटी लागली आणि ‘आपलं’ हा शब्द जिभेवर आला, तर आनंदाने म्हणू. फक्त म्हणण्यापूर्वी मनात विचारून घेऊ, की उद्या ही पाटी उतरली, तर तेव्हाही आपण हाच शब्द वापरू का? उत्तर ‘हो’ असेल तर अभिमान बाळगायला कोणाची परवानगी नको. ‘नाही’ असेल, तर नुसता आनंद मानू. जेवण छान झाले म्हणू, यजमानाचे आभार मानू आणि पाहुण्यासारखे हात धुऊन उठू. त्यात कमीपणा काही नाही.

आता थांबतो. पुढच्या वेळी याच धाग्याने जाऊ. पूर्वजांच्या कर्तृत्वाचा अभिमान बाळगणाऱ्याने पूर्वजांच्या अन्यायाचे काय करायचे, हा प्रश्न घेऊ. तो कॉफीपेक्षा कडू आहे.